लाल फितींचा वाटाड्या

पानांचा हंगाम चुकवायची जी हातोटी हाम दोक्सूला साधली होती, ती आमच्या चॉंगजू शहरात दुसऱ्या कुणाला साधली नसेल. टीव्हीवरची बाई दर वर्षी नकाशापुढे उभी राहून सांगते की लाल रंग उत्तरेकडच्या सोराक डोंगरावरून कसकसा खाली सरकत येणार, आणि त्याबरहुकूम सगळा देश डबे भरून निघतो. दोक्सूही निघायचा. पण तो सोराकला पोचायचा तेव्हा झाडं हिरवीगार असायची. ती चूक सुधारायला म्हणून पुढच्या वर्षी आठवडाभर उशिरा दक्षिणेला नेजांगला जायचा, तर तिथल्या मेपलांवर औषधाला पान उरलेलं नसायचं. त्याच्या घरात भिंतभर फोटो आहेत. सगळ्यांत तो, त्याची बायको बोकहुई आणि मुलगी दाउन, आणि मागे एकतर हिरवं रान नाहीतर उभे केलेले खराटे.

"हे कुठलं? उन्हाळ्यातलं का?" पाहुणे विचारायचे.

"छे, ऐन पानांच्या हंगामातलं," दोक्सू सांगायचा. "दिवस मी स्वतः निवडला होता."

तो एसी दुरुस्त करायचा. सगळा उन्हाळा लोकांच्या छताला तोंड लावून जायचा, आणि दाउन लहान असताना उन्हाळ्याचं चित्र काढायची तेव्हा बापाच्या जागी नुसती शिडी काढायची. सप्टेंबर सरता सरता फोन वाजायचे थांबत. मग उन्हाळाभर गायब असलेला बाप एकदम घरच्यांच्या अंगावर यायचा आणि म्हणायचा, बूट घाला, पानं बघायला जायचंय. शहरातल्या बागेत गिंकोची झाडं पिवळीधमक झालेली असायची, बोकहुई म्हणायची की ही काय, दारातच आहेत की पानं. पण दोक्सूला बाग म्हणजे कमीपणा वाटायचा. जवळच्या गोष्टीत माणसाची अक्कल दिसत नाही, असं त्याचं मत होतं, आणि लांब जाऊन ती फार चांगली दिसायची.

काम सोडल्यावर तो आमच्या डोंगर मंडळाचा वाटाड्या झाला. झाला म्हणजे, दुसरं कुणी तयार नव्हतं. सहलीच्या आधी एकट्याने जाऊन, जिथे जिथे वाट फुटते तिथे फांदीला मंडळाचं नाव छापलेली फीत बांधून यायचं, हे वाटाड्याचं काम. जुन्या पिवळ्या फिती संपल्या तेव्हा भर उन्हाळ्यात मंडळाची बैठक भरली आणि दोक्सू हट्टाला पेटला. पिवळी फीत गिंकोच्या बागेत कुणाला दिसणार, म्हणाला. तसंही आपण जातो ते शरदात. लाल करा, त्यावर सोनेरी अक्षरं, फोटोत शोभून दिसेल. बाकीचे गार शेवयांच्या वाडग्यात मान घालून बसले होते. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही, आणि लाल फितींचं भलंमोठं भेंडोळं छापून आलं.

त्याच शरदात दाउनच्या लग्नाचं निघालं.

दाउन छत्तीस वर्षांची, आणि मुलगा, जेहा, तेहतीसचा. तो शहराच्या झाडांच्या खात्यात होता. बागेत गिंकोची फळं पडून घाण वास सुटतो म्हणून दाउनने तक्रार केली आणि तक्रार ऐकून घ्यायला हा आला. वास अजून तसाच आहे, पण ती दोघं त्यानंतर रोज त्याच बाकावर बसू लागली. जेहाला वडील नव्हते. त्याच्या आईचं देगूला चष्म्याचं दुकान होतं. नामगुंगबाई. नवऱ्यामागे त्यांनी ते दुकान एकटीने चालवलं होतं आणि माणसाकडे बघायच्या त्या नंबर तपासत असल्यासारख्या. मुलगी तीन वर्षांनी मोठी आहे हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. नाही त्या म्हणाल्या नव्हत्या. "आधी माणसं बघते, मग बोलते," एवढंच त्यांनी कळवलं होतं, आणि आपली मुलगी जेहाशिवाय दुसऱ्या कुणाचा विचार करणार नाही हे दोक्सूला पक्कं ठाऊक होतं.

दोन्ही घरच्यांनी भेटायचं म्हणजे आमच्याकडे चांगल्या खानावळीतली वेगळी खोली घ्यायची, गुडघे मुडपून समोरासमोर बसायचं, आणि एकमेकांकडे बघायला नको म्हणून भाज्यांच्या वाट्यांकडे बघत राहायचं. बोकहुईने बागेसमोरची खानावळ हेरून ठेवली होती. खिडकीतून गिंको दिसायचे. पण अशा खोलीत दोक्सूची जीभ टाळ्याला चिकटायची आणि नजर छताच्या एसीकडे जायची. पुतण्याच्या लग्नाच्या वेळच्या अशा भेटीत तर त्याने जेवण चालू असतानाच बाहेरून खुर्ची आणून, तिच्यावर चढून एसीची जाळी काढली होती. म्हणून या वेळी त्याने बायकोला न विचारता सरळ देगूला फोन लावला आणि नामगुंगबाईंना उनमांग डोंगराच्या खोऱ्यात पानं बघायला यायचं आमंत्रण दिलं.

बाईंनी तारीख तेवढी विचारून घेतली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "बंद खोलीत सगळीच माणसं चांगली वागतात. डोंगरात चला."

बोकहुईला हे कळलं तेव्हा ती कोबी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"अहो, होणाऱ्या विहिणीला कुणी डोंगरावर भेटतं का?"

"अगं, खोलीत मला काही सुचत नाही. डोंगरात निदान वाट तरी माझी असते."

"वाट तुमची असते हीच तर धास्ती आहे." तिने परत सुरी उचलली. "हे बघा, कुठेही न्या. पण एक वाक्य नीट म्हणायचं. 'आमच्या मुलीत बरंच कमी आहे, सांभाळून घ्या.' मुलीच्या बापाने हे म्हणायचं असतं. त्यात भर घालायची नाही. आणि विनोद करायचा नाही."

"जन्मभर दुसरं काय म्हणतोय मी? माझ्यात बरंच कमी आहे."

"तुमच्यातलं सगळ्यांना दिसतंय. मुलीबद्दल म्हणायचंय. कमीपणा घेतला की समोरचा मान देतो. घेतला नाही तर म्हणतील, केवढा तोरा, आणि पोरगी तीन वर्षांनी मोठी."

दोक्सूने ते वाक्य पाठ केलं. दाढी करताना म्हणून पाहिलं, जिन्यात म्हणून पाहिलं. स्वतःला नावं ठेवायची सवय असलेल्या माणसाला ते काय जड जाणार? दोन दिवसांत इतकं गुळगुळीत झालं की शेजारच्या आजोबांनी "कसं काय?" विचारलं तरी तेच तोंडात यायचं.

आठवडाभर आधी तो उनमांगच्या खोऱ्यात जाऊन थेट वरच्या धबधब्यापर्यंत फिती बांधून आला. नेजांगला जायची छाती नव्हती, तिथे हंगामात पानांपेक्षा पुढच्या माणसाची मानच जास्त दिसते. उनमांगला कुणी येत नाही. वाटा मात्र भरमसाट, मशरूम वेचणाऱ्यांनी आणि ओकची फळं गोळा करणाऱ्या म्हाताऱ्यांनी पाडलेल्या. खोऱ्यात मोबाईलला रेंज नाही. पण हिरव्यागार रानात त्याच्या लाल फिती अशा उठून दिसत होत्या की आंधळ्यालाही धबधबा सापडला असता. दोक्सू खूश होता. एकच खंत, की याही वर्षी आपण लवकर आलो. मुलीच्या सासूलाही आपण हिरवी झाडंच दाखवणार.

त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली.

ठरल्या दिवशी जेहाच्या गाडीतून पाच जण खोऱ्याच्या तोंडाशी उतरले. नामगुंगबाई डोक्यापासून पायापर्यंत जांभळ्या डोंगरी पोशाखात होत्या, सगळं नवं कोरं, काठीवरची किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेली. पहिलं वळण घेतलं आणि दोक्सू थांबला. सगळं खोरं लाल झालं होतं. इकडे तिकडे लाल असं नाही, वर कड्यापर्यंत, खाली ओढ्यापर्यंत, जिथे बघाल तिथे. आयुष्यात पहिल्यांदा तो ऐन दिवशी येऊन पोचला होता. बायकोचा हात धरावासा वाटला, पण विहीण बघत होती म्हणून त्याने काठीच घट्ट धरली.

"बाबा, जमलं की," दाउन हळूच म्हणाली.

"जमलं," तो म्हणाला. "आता मरायला हरकत नाही."

"आधी वाक्य म्हणा," बोकहुई कानाशी येऊन म्हणाली.

पहिला फाटा आला. इथे उजव्या हाताच्या मेपलला फीत बांधली होती. दोक्सूने मेपलकडे पाहिलं. लाल. पलीकडच्या फांदीकडे पाहिलं. लाल. एक फीत वाऱ्यावर हलताना दिसली, जवळ जाऊन धरली तर पान. मग त्याला कळलं की आपण काय करून ठेवलंय.

पण तोंडाने तो म्हणाला, "इकडून. आलंच आता."

डोंगरात 'आलंच आता' म्हणण्याबद्दल आम्हा लोकांना कुणी पकडून नेत नाही, नाहीतर अर्धा देश तुरुंगात असता. दुसऱ्या फाट्याला दोक्सू परत म्हणाला, आलंच. तिसऱ्याला जरा हळू म्हणाला. तो फांद्यांमध्ये नाक खुपसून एकेक पान तपासत चालला होता. नामगुंगबाईंनी विचारलं की हामसाहेब काय शोधताहेत, तर बोकहुईने सांगितलं की त्यांना पानांची फार आवड. जेहा फोनवरच्या कोऱ्या नकाशाकडे बघत मागून येत होता. ओकची फळं पिशवीत भरून एक म्हातारी समोरून आली.

"आजी, लांब आहे का हो अजून?" जेहाने विचारलं.

"आलंच आता," आजी म्हणाली आणि निघून गेली. कुठे जाताय हे तिने विचारलंही नाही.

आणखी बरंच चालल्यावर एक मोठा सपाट दगड आला. नामगुंगबाई तिथे उभ्या राहिल्या. दगडाशेजारच्या फांदीला एक निळी चिंधी बांधलेली होती.

"हामसाहेब," त्या म्हणाल्या, "या दगडापाशी आपण मघाशी येऊन गेलो."

"तसे बरेच दगड असतात, विहीणबाई."

"विहीण अजून झाले नाही मी. आणि ही निळी चिंधी तुमच्या मुलीने मघाशी इथे बांधली, केसांना लावलेली सोडून. मी बघत होते. आपण फिरून परत इथेच येतो का ते कळावं म्हणून बांधली असणार. बोलली मात्र नाही कुणाला." बाईंनी काठी जमिनीत रोवली. "माझे हे शेवटच्या आजारात रोज म्हणायचे, झालोच बरा आता. तेव्हापासून 'आलंच', 'झालंच' मला ऐकवत नाही. खरं काय ते सांगा."

बोकहुईने नवऱ्याकडे असं पाहिलं की तिला जणू आधीच सगळं माहीत होतं. दोक्सूने टोपी काढली.

"वाट चुकली. मघाशीच. पहिल्याच फाट्यावर."

"फिती बांधल्या होत्या म्हणालात."

"बांधल्यात. सगळ्या जागच्या जागी असतील. लाल आहेत."

नामगुंगबाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"लाल पानांत लाल फिती."

"सोनेरी अक्षरं आहेत त्यावर."

"रंग कुणी निवडला?"

"मीच. मंडळाशी भांडून."

"डोळे कधी तपासलेत का?"

"डोळे ठणठणीत आहेत. बिघाड त्याच्या मागे आहे, तिथे चष्मा लागत नाही."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढ्यात खालच्या बाजूने, झाडीतून, लाउडस्पीकरवरचं गाणं ऐकू आलं. कुठल्यातरी दुसऱ्या मंडळाची माणसं रस्त्यावर बस उभी करून नाचत असणार. एरवी या लोकांच्या नावाने दोक्सू बोटं मोडायचा, आज त्यांना ओवाळावंसं वाटलं.

"रस्ता तिकडे आहे, वाट सापडली," नामगुंगबाई म्हणाल्या आणि दगडावर बसल्या. "आता बसा सगळे. बोलायचं राहिलंय."

बोकहुईने चटई अंथरली, किम्बापचा, समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या चकत्यांचा, डबा उघडला, काकड्या काढल्या. दोक्सूला वाटलं की बाई हसल्या तर निभावेल, म्हणून तो सुटलाच. भिंतीवरच्या फोटोंचं सांगितलं, पुतण्याच्या भेटीत काढलेली जाळी सांगितली, एकदा नेजांगला पोचलो तर पानं झाडणारा माणूसही काम संपवून घरी गेला होता ते सांगितलं. जेहा हसला. बाईसुद्धा दोनदा हसल्या, दुसऱ्यांदा दात दिसले. दोक्सूला वाटलं, जमतंय.

"पुरे," नामगुंगबाई म्हणाल्या. "तुमच्यात काय काय कमी आहे ते कळलं मला. आता मुलीबद्दल सांगा."

हीच ती वेळ. बोकहुईने डब्यावरची नजर न उचलता मान हलवली, म्हणजे म्हणा. दोक्सूने गुडघे मुडपले, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आमच्या मुलीत," तो म्हणाला.

पुढचे शब्द दाढी करताना म्हटलेले होते, जिन्यात म्हटलेले होते. ते तिथेच होते, ओठांशी. दाउन समोर मान खाली घालून बसली होती. बुटांना चिखल, केस मोकळे सुटलेले, निळी चिंधी अजून मागे फांदीलाच. बापाचं हसं होऊ नये म्हणून ती चिंधीबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. दोक्सूने घसा खाकरला. परत खाकरला.

"बाई, मी एक वाक्य पाठ करून आलो होतो," तो म्हणाला. "ते मला म्हणता येत नाही. खोटं आहे ते."

"अहो," बोकहुई म्हणाली.

"थांब जरा. उन्हाळाभर हिला बाप नसायचा, ही एका शब्दाने बोलली नाही. शरदात मी हिला चुकीच्या दिवशी चुकीच्या डोंगरावर न्यायचो, तर पुढच्या वर्षी बूट घालून ही सगळ्यांच्या आधी दारात उभी. एकदा एवढीशी असताना नेजांगला नेली, झाडावर एक पान नाही. माझं तोंड पडलं. ही वर बघून म्हणाली, बाबा, आता आभाळ किती चांगलं दिसतं." त्याचा आवाज कापायला लागला आणि त्याला त्याची लाज वाटली, तरी तो थांबला नाही. "हिच्यात कमी आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर माझ्यामुळे होईल, आणि घरी गेल्यावर या दोघी मला जिवंत ठेवणार नाहीत. तरी नाही म्हणणार. हिच्यात काही कमी नाही."

बोकहुईने डोळे मिटून घेतले. दाउनने मान वर केली नाही, पण तिच्या मांडीवर टपटप काहीतरी पडलं आणि तिने ते हाताने झाकलं. जेहा आईकडे बघत होता. खालच्या बसमधलं गाणं संपून दुसरं लागलं.

नामगुंगबाईंनी चष्मा काढला. खिशातून फडकं काढून आधी एक काच पुसली, मग दुसरी, उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा पुसली. दोक्सूला वाटलं की आता या उठून गाडीकडे जातील. बाई दगडावरून खाली उतरल्या. नव्या जांभळ्या पँटची पर्वा न करता चटईवर गुडघे मुडपून बसल्या, खानावळीच्या खोलीत बसावं तशा, आणि दोन्ही हात पुढे टेकून वाकल्या.

"आमच्या मुलात मात्र बरंच कमी आहे," त्या म्हणाल्या. "झाडांच्या खात्यात नोकरी आणि रानात वाट सापडत नाही. मघापासून कोऱ्या फोनकडे बघत चाललाय. चिंधी बांधायचं याला सुचलं नाही. सांभाळून घ्या."

"आई," जेहा म्हणाला.

"गप्प बस. म्हणायची पद्धत आहे."

दोक्सू घाईघाईने खाली वाकला, इतका की कपाळ काकडीला लागलं. वर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते, आता हा काहीतरी बोलणार म्हणून. बोकहुईला तर खात्रीच होती. तिने चटकन किम्बापची एक जाडजूड चकती उचलली आणि नवऱ्याच्या तोंडात कोंबली, म्हणजे जुळलेलं पुन्हा मोडायला नको. तो चावत राहिला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि तिथून हनुवटीवर.

"तिखट लागलं का हो व्याही?" नामगुंगबाईंनी विचारलं.

दोक्सूने भरल्या तोंडाने मान हलवली, हो, फार तिखट. किम्बापात मिरचीचा कणसुद्धा नव्हता. तो पहाटे उठून बोकहुईनेच केला होता, पण ती काही बोलली नाही. तिने पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली.